संशयाला काम द्यावे

नव्या कामावर रुजू होणाऱ्या माणसाला आपण सर्वजण एकच आशीर्वाद देतो : आत्मविश्वास बाळग. आत्मविश्वास ही जणू प्रवासाची शिदोरी आहे, ती घरून बांधून न्यावयाची आणि वाटेत पुरवून पुरवून खावयाची, अशी त्यामागे आपली समजूत असते. ज्याच्याजवळ ही शिदोरी नाही त्याने मग काय करावे? घराबाहेर पडूच नये काय? आणि ज्याच्याजवळ ती भरपूर आहे त्याच्या हाती काम सुरक्षित असते, असे तरी खात्रीने म्हणता येईल काय? या दोन प्रश्नांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हे प्रश्न पूर्वी आयुष्यात एकदाच पडत. माणूस विशी-पंचविशीत नोकरीला लागे आणि तेथूनच निवृत्त होई. आता तसे राहिलेले नाही. कारखाना बंद पडल्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरा व्यवसाय शोधणारा अभियंता, मुले मोठी झाल्यावर पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कामाला लागू पाहणारी गृहिणी, निवृत्तीनंतर शिकवण्याचे वा हिशेब तपासण्याचे काम हाती घेणारा ज्येष्ठ नागरिक, ही माणसे आज प्रत्येक घरात नसली तरी प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात पहिल्या दिवशी एकच वाक्य घोळत असते : ‘हे मला जमेल का?’

या वाक्याकडे आपण केवळ दुबळेपणा म्हणून पाहतो. माझ्या मते ते तितके साधे नाही, कारण त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या कामात आपली पात्रता अद्याप सिद्ध झालेली नाही ते काम स्वीकारण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

महसूल खात्यातील एक साधे उदाहरण घेऊ. एखादा शेतकरी मरण पावतो. त्याच्या वारसांची नावे हक्कपत्रकात नोंदवून पुढे सात-बाराच्या उताऱ्यावर आणण्याचे काम गावच्या तलाठ्याकडे असते. तलाठी बावीस-तेवीस वर्षांचा, नुकताच रुजू झालेला आहे. चार वारसांपैकी लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचे नाव त्याच्या हातून राहून गेले, हरकतीची मुदत संपली आणि नोंद तशीच प्रमाणित झाली, तर त्या मुलीला ते कदाचित पुष्कळ वर्षांनी, जमीन विकली जाताना कळेल. मग तिच्या वाट्याला येणार दावे, तारखा आणि भावांशी वैर. तलाठ्याला आत्मविश्वास होता की नव्हता, हा प्रश्न तिच्या दृष्टीने गौण आहे. त्याने चौथे नाव तपासले की नाही, हाच तिच्यापुरता एकमेव प्रश्न.

रोगी आणि नवा डॉक्टर, विद्यार्थी आणि नवा शिक्षक, प्रवासी आणि नवा चालक, या जोड्यांतही हेच आढळेल. प्रत्येक नवशिक्याच्या समोर कोणीतरी उभा असतो आणि त्या माणसाचे काहीतरी पणाला लागलेले असते. म्हणून संशयाला सरसकट हाकलून द्या, हा उपदेश मला धोक्याचा वाटतो. जस्टिन क्रूगर व डेव्हिड डनिंग या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की एखाद्या विषयात सर्वांत कच्चे असणारे लोकच आपल्या कौशल्याचा अंदाज वाजवीपेक्षा पुष्कळ जास्त बांधतात. विराटपर्वातील उत्तर हा त्याचा आपल्याकडील जुना नमुना आहे. राजवाड्यातील स्त्रियांपुढे त्याने कौरवांना एकट्याने जिंकण्याची भाषा केली आणि प्रत्यक्ष सेना दिसताच रथातून उडी टाकून तो पळत सुटला. घरी बसून कमावलेला आत्मविश्वास रणांगणावर पोहोचेपर्यंतही टिकला नाही.

तरीही संशयाचे समर्थन इथेच थांबवले पाहिजे. कारण ‘मला जमेल का’ या वाक्यात दोन निरनिराळ्या भीती एकमेकींत मिसळलेल्या असतात. माझ्या हातून कोणाचे नुकसान तर होणार नाही ना, ही एक. लोक मला काय म्हणतील, ही दुसरी. पहिलीचे तोंड समोरच्या माणसाकडे आहे, दुसरीचे आरशाकडे. पहिली भीती माणसाला कागद पुन्हा वाचायला लावते. दुसरी त्याला तोच कागद ड्रॉवरमध्ये ढकलायला लावते. पहिलीमुळे तो विचारतो, दुसरीमुळे तो लपवतो. बाहेरून दोन्हींचे रूप सारखेच : हात थरथरणे, झोप न लागणे. म्हणून नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात स्वतःला विचारावे, की मला नेमकी कोणती भीती वाटते आहे.

आपल्या दर्शनपरंपरेने संशयाला जे स्थान दिले आहे ते या ठिकाणी उपयोगी पडते. गौतमाच्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा क्रम संशयाचा आहे, आणि निर्णयाचा क्रम नववा. म्हणजे निर्णयाच्या वाटेवर संशय लागतोच. नैयायिकांचे प्रसिद्ध उदाहरण असे : संधिप्रकाशात दूर काहीतरी उभे दिसते, तो खांब आहे की माणूस? उंची दोघांचीही सारखीच, त्यामुळे संशय येतो. हा संशय धैर्याने फिटत नाही आणि स्वतःला धीर देऊनही फिटत नाही. जवळ जाऊन हातपाय आहेत की ढोली आहे, ते विशेष लक्षण पाहिल्यावरच तो फिटतो.

नवशिक्याच्या संशयाला ही कसोटी लावून पाहावी. ‘मी या कामाच्या लायकीचा आहे का?’ या प्रश्नात जवळ जाऊन पाहण्यासारखे काहीच नाही. असे कोणते विशेष लक्षण आहे, की जे पाहिल्यावर माणूस समाधानाने म्हणेल, आता माझी लायकी सिद्ध झाली? तो प्रश्न रात्रभर फिरत राहतो आणि सकाळी जागच्या जागीच सापडतो. याउलट ‘या नोंदीत चारही वारस आले का?’ हा प्रश्न पाच मिनिटांत निकालात निघतो. आले असतील तर पुढचे काम. नसतील तर दुरुस्ती. स्वतःविषयीचा संशय कामाविषयीच्या संशयात उतरवता आला, की तो शत्रूऐवजी कारकून होतो. त्याला काम द्यावे, तो चोख करतो.

गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाच्या नाशाविषयी जे म्हटले आहे ते सर्वांना ठाऊक असते. त्याच्या अवघे काही श्लोक आधी, ज्ञान मिळवण्याची साधने सांगताना, प्रणिपात आणि सेवा यांच्याबरोबरीने परिप्रश्नाचाही उल्लेख आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. जो संशय तोंडाने विचारला गेला तो परिप्रश्न झाला. जो मनातच कुजत राहिला तो घातक ठरला. एकाच अध्यायातील ही दोन वचने एकत्र वाचली, तर नव्याने कामाला लागणाऱ्याला दुसरा उपदेश फारसा लागू नये.

आम्हा बडोदेकरांना आत्मविश्वासाची म्हणून एक आख्यायिका लहानपणापासून ऐकवली जाते. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी घराण्यातील मुले पाहिली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून आलेल्या भावंडांना ‘येथे कशासाठी आलात’ असे विचारले असता गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलाने ‘राज्य करायला आलो’ असे ताडकन उत्तर दिले, आणि तेच पुढे महाराजा सयाजीराव झाले. ही कथा आपल्याला फार आवडते. तिच्यात एक बाणेदार वाक्य आहे आणि त्याचे ताबडतोब मिळालेले फळ आहे.

पण कथा जेथे संपते तेथून खरा इतिहास सुरू होतो. या मुलाला तोवर अक्षरांची ओळख जवळजवळ नव्हती. दत्तकविधानानंतर राज्याची पूर्ण सूत्रे त्याच्या हाती येण्यास १८८१ सालचा डिसेंबर उजाडला. मधली साडेसहा वर्षे राज्य दिवाण सर टी. माधवराव चालवत होते आणि भावी राजा शिक्षक एलियट यांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, इंग्रजी, गणित, इतिहास असे धडे गिरवत होता. शेवटी शेवटी तर राज्यकारभाराच्या एकेका अंगावर माधवरावांनी व अन्य अधिकाऱ्यांनी त्याला व्याख्याने दिली. माधवरावांची व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने पुस्तकरूपानेही निघाली. बाणेदार उत्तराला एक क्षण लागला. ते उत्तर खरे करण्यास साडेसहा वर्षे लागली. आणि उशिरा अक्षरे गिरवलेल्या याच राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आपण मुलांना उत्तर ऐकवतो, वेळापत्रक ऐकवत नाही. आणि मग ताडकन उत्तर न सुचणारा मुलगा स्वतःला कमी समजू लागतो.

याच शहरातील कलाभवनात काही काळ शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके हे दुसरे उदाहरण. दादासाहेबांचे आयुष्य ही नव्या नव्या व्यवसायांची मालिकाच होती : छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मुद्रणव्यवसाय. भागीदारांशी मतभेद होऊन तो व्यवसायही सुटला. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चलच्चित्र पाहिले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, हे तंत्र शिकण्यासाठी ते लंडनला गेले. परत आल्यावर त्यांनी एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ काढला नाही. कुंडीत वाटाणे पेरले आणि रोप उगवून वाढेपर्यंत थोड्या थोड्या अंतराने त्याची चित्रे घेतली. ‘अंकुराची वाढ’ नावाची ती चित्रफीत सुमारे एका मिनिटाची होती. कॅमेरा चालतो, फिल्म धुता येते, गती दाखवता येते, हे त्या एका मिनिटाने आधी त्यांना स्वतःला आणि मग पैसे गुंतवणाऱ्यांना दाखवले. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांपुढे आला तो ३ मे १९१३ रोजी.

या घटनेत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मोठ्या कामाचा विश्वास छोट्या पण पूर्ण केलेल्या कामातून येतो. अर्धवट सोडलेल्या मोठ्या कामातून तो कधीच येत नाही. दुसरे असे, की नव्या व्यवसायात शिरणारा माणूस रिकाम्या हातांनी क्वचितच शिरतो. फाळक्यांच्या हातात छायाचित्रकाराची नजर होती आणि रसायने हाताळण्याची सवय होती. पंधरा वर्षे घर चालवलेल्या स्त्रीजवळ मर्यादित पैशांत महिना काढण्याचे, चार स्वभावांना सांभाळून घेण्याचे आणि ऐन वेळी आलेल्या अडचणीतून मार्ग काढण्याचे कसब असते. अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो, म्हणून ते नाहीच असे तिला वाटू लागते. त्याच चित्रपटात तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके पुढे आले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. सरस्वतीबाई फाळके स्वयंपाकघर सांभाळता सांभाळता फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम शिकल्या. यांच्यापैकी कोणाजवळही कामाआधी विश्वास असण्याचे कारण नव्हते. या देशात ते काम आधी कोणी असे केलेलेच नव्हते.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या घराण्यांना तर हे अनुभव परके नाहीत. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० मध्ये गुजरात राज्य अस्तित्वात आले. इंदूर-ग्वाल्हेरकडे १९४८ मध्ये मध्य भारत आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. हैदराबादेत निजामी राजवटीतील उर्दू दफ्तर जाऊन दुसऱ्या भाषा आल्या. अकरा-बारा वर्षांत दोनदा कायदे बदलले, वरिष्ठ बदलले, टिपणीची धाटणी बदलली. नोकरी तीच, पण काम नव्याने शिकावयाचे, असा प्रसंग त्या काळच्या अनेक कारकुनांवर, शिक्षकांवर आणि वकिलांवर आला. बोलीतील हेल परका, लेखनातील ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नाही, अशा स्थितीत त्या लोकांनी शब्दकोश जवळ घेतला. बडोदे सरकारने १९३१ मध्येच शासनव्यवहारातील शब्दांना अनेक भाषांतील पर्याय देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध केला होता. कोश उघडून शब्द पाहणे ही अज्ञानाची कबुली नव्हे काय? अवश्य आहे. पण ती कबुली देणाऱ्याची टिपणी शुद्ध होत असे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की काम केल्याने विश्वास येत असेल तर पुष्कळ यशस्वी माणसेही आतून का धास्तावलेली असतात? आक्षेप योग्य आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ मध्ये अशा कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिले, की ज्यांना पदव्या आणि मानसन्मान मिळूनही आपण लोकांना फसवत आहोत आणि एक दिवस उघडे पडू, असे वाटत असे. माझ्या समजुतीप्रमाणे येथे दोष कामात नसून हिशेबात असतो. यश आले की ते नशिबाच्या, वरिष्ठांच्या कृपेच्या खात्यावर. अपयश आले की मात्र स्वतःच्या नावे. अशी वही वर्षानुवर्षे लिहिली तर शिल्लक कशी दिसणार? म्हणून नव्या कामाच्या पहिल्या वर्षी एक साधी नोंदवही ठेवावी. एका पानावर चुकलेले आणि ते कसे दुरुस्त केले ते. समोरच्या पानावर नीट पार पडलेले. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे भराव्या. नम्रता म्हणून जमेची बाजू कोरी ठेवणे हाही खोटा हिशेबच.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाचे चार उगम सांगितले : स्वतः करून मिळवलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेले पाहणे, दुसऱ्याने दिलेला भरवसा आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांतील पहिला सर्वांत बलवान, असे तो म्हणतो. फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपाने तेच सांगितले. पण मधले दोन उगम आपल्या हातात नसतात, ते दुसऱ्यांच्या हातात असतात. येथे हा विषय एकट्या नवशिक्याचा राहत नाही.

समुद्रकिनारी सर्व वानर हताश होऊन बसले असता हनुमंत एका बाजूला गप्प होता. आपले सामर्थ्य दुसऱ्याने आठवण करून दिल्यावाचून त्याला स्मरणार नाही, असा ऋषींचा शाप होता. जांबवंताने ती आठवण दिली. जांबवंत स्वतः वृद्ध झालेला होता, समुद्र ओलांडण्याची ताकद त्याच्यात उरलेली नव्हती. पण कोण ओलांडू शकेल याची पारख होती. त्याने पोकळ शाबासकी दिली नाही. हनुमंताच्या जन्मापासूनचा वृत्तान्त त्याच्यापुढे मांडला. पळणाऱ्या उत्तरालाही अर्जुनाने नुसते रागे भरले नाही. घोडे हाकण्याचे, त्याच्या आवाक्यातील काम त्याच्या हाती दिले आणि स्वतः त्याच्या पाठीशी उभा राहून लढला.

शासकीय सेवेत असताना नव्याने आलेल्या पुष्कळांना मी पाहिले. त्यांचे पुढे काय होणार हे बहुधा पहिल्या महिन्यात ठरे, आणि ते ठरवण्यात त्यांच्या हुशारीचा वाटा मला वाटला होता त्याहून लहान असे. ज्या टेबलावर ‘एवढेही येत नाही?’ असा प्रतिप्रश्न मिळे, तेथे विचारणे आठवड्याभरात बंद होई. विचारणे बंद झाले की अंदाजाने लिहिणे सुरू होई, आणि अंदाजाने लिहिलेल्या नोंदीची किंमत गावातील कोणीतरी मोजत असे. ज्या टेबलावर जुना अव्वल कारकून चष्मा कपाळावर सरकवून ‘आण इकडे, पाहू’ म्हणे, तेथील मुले वर्षभरात स्वतःच्या पायांवर उभी राहत. विश्वास हा शब्द ज्या धातूपासून आला आहे त्याचा अर्थ श्वास घेणे असा आहे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्याविषयी विश्वास वाटतो. स्वतःविषयीचा विश्वासही आधी अशाच कोणाच्या तरी सान्निध्यात घेतलेला मोकळा श्वास असतो, असे मला वाटते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते, की विश्वास नसतानाही काम स्वीकारण्याचा अधिकार माणसाला आहे. मात्र त्या अधिकाराला अटी आहेत : न येणारे विचारीन, केलेले तपासीन, चुकलेले लपवणार नाही. या अटी पाळणारा थरथरत्या हातांनी आला तरी चालेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले. या अटी न पाळणारा कितीही छातीठोकपणे आला, तरी त्याच्या हाती काम सुरक्षित नाही.

राहिला प्रश्न आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांचा. घरातील मुलगा, सून किंवा साठीचा मित्र नव्या कामावरून संध्याकाळी परत येतो तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘काय, जमतंय ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यावाचून त्या बिचाऱ्याला गत्यंतर नसते. त्याऐवजी ‘आज नवीन काय विचारलंस?’ असे विचारून पाहावे. सांगण्यासारखे पुष्कळ निघेल, आणि चहा निवला तरी ते सांगणे संपणार नाही.